पॅरा खेळाडूला अपघात विचारता, मॅचचा स्कोअर कधी विचारणार?

मैदानवाली (धागाकर्ती)

मंडळी, लांबलंय, पण एकदा लिहूनच टाकते.

मी व्हीलचेअर बास्केटबॉल खेळते, बरीच वर्षं. मॅच संपली, घाम पुसत बाजूला आलं की प्रेक्षकांतलं कोणीतरी भेटायला येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला, "हे कसं झालं हो?" म्हणजे पाठीला काय झालं ते. दुसरा, "सोबत कोण असतं तुमच्या?" तिसरा प्रश्न नसतोच, डायरेक्ट वाक्य येतं, "तुमच्याकडे बघितलं की आमची दुःखं काहीच वाटत नाहीत." माणसं वाईट नसतात, मनापासून बोलत असतात, त्यामुळे उलटून काही बोलवत पण नाही. पण आम्ही आत्ताच हरलेलो असतो, शेवटच्या क्वार्टरमध्ये डिफेन्स पार ढेपाळलेला असतो, मी सोपे फ्री थ्रो घालवलेले असतात, आणि समोरचा म्हणतोय की तुम्ही तर जिंकलेलाच आहात! अहो हरले मी. मला त्याचा राग आलाय, आणि खेळाडू म्हणून हरल्याचा राग यायचा माझा जो हक्क आहे तोही हे लोक गोड बोलून काढून घेतात.

कीव करणारे आणि डोक्यावर घेऊन नाचणारे, दोघांनीही मॅच बघितलेली नसते, एवढंच माझं म्हणणं आहे. एकाला खुर्ची दिसते, दुसऱ्यालाही खुर्चीच दिसते. बॉल कोणाकडे होता ते दोघांनाही माहीत नाही.

म्हणून जरा खेळाबद्दलच सांगते. व्हीलचेअर पुढे जाते, मागे जाते, जागच्या जागी वळते, पण बाजूला सरकत नाही. उभं राहून खेळणारा एक पाय बाजूला टाकून निसटतो, आम्हाला ते नाही. त्यामुळे कोणी आपली खुर्ची तुमच्या चाकाला अशी तिरपी आणून लावली की तुम्ही अडकलात, सुटायचं तर आधी मागे जा, मग वळा, मग परत वेग घ्या, तोवर समोरची टीम बास्केट करून परत निघालेली असते. ही अडवणूक म्हणजे पिक, आमच्या खेळाचा जीव त्यात आहे. आणि हे काम बहुतेक वेळा लो पॉइंटर करतो. आमच्याकडे प्रत्येक खेळाडूला शरीर किती साथ देतं त्याप्रमाणे १ ते ४.५ पॉइंट मिळतात आणि कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊन चालत नाही. एक पॉइंटवाल्याला पोटाचे पाठीचे स्नायू जवळजवळ साथ देत नाहीत, तो उंच हात करून शूट करेलच असं नाही, पण दोन सेकंद आधी योग्य जागी जाऊन तो समोरच्याचा सगळ्यात उंच खेळाडू असा काही अडकवतो की बास! टाळ्या मात्र बॉल टाकणाऱ्याला. आमच्या टीममधली जी एक पॉइंटची मुलगी आहे तिच्या पिकचं कौतुक मी आजवर फक्त दुसऱ्या खेळाडूंकडून ऐकलंय. प्रेक्षकांकडून तिला मिळतं ते "बिचारी, तरी खेळते".

अजून एक. खुर्ची उलटली की सगळ्या हॉलमधून "आईगं" येतं. पट्टा बांधलेला असतो, खुर्चीसकट पडतो, एक तळवा जमिनीवर टेकवून दुसऱ्या हाताने चाक धरून झटका मारला की उठतो, न जमलं तर टीममेट मागून ओढतो. रेफरी धोका असेल तरच खेळ थांबवतो. पडणं हा खेळाचा भाग आहे. कबड्डीत कोणी पडलं तर आपण "आईगं" म्हणतो का?

तुमचे अनुभव लिहा, पटत नसेल तर तेही लिहा.

---

पळता_भुई

मैदानवाली ताई, शब्दाशब्दाला अनुमोदन.

मी दृष्टिहीन धावपटूबरोबर गाइड म्हणून पळतो. दोघांच्या हातात एक छोटी दोरी असते, पाय एकाच तालात पडावे लागतात, त्याचा डावा तेव्हा माझा उजवा, आणि मी बोलत राहतो, वळण आलं, वळण संपलं, समोर गर्दी, शेवटचे शंभर. लोकांचा समज असा की मी त्याला ओढत नेतो. उलट आहे! ओढलं तर बाद. फिनिश लाइनवर गाइड खेळाडूच्या पुढे गेला तरी बाद. त्याचा वेग वाढला आणि माझा दम संपला तर तोट्यात तो, म्हणून मला त्याच्यापेक्षा जास्त फिट राहावं लागतं.

पण मला सगळ्यात खुपतं ते वेगळंच. नोंदणीच्या टेबलावर आम्ही दोघं शेजारी उभे आणि टेबलामागचा माणूस मला विचारतो, "यांचं नाव काय?" "यांना टी-शर्ट कुठला बसेल?" तो तिथेच उभाय, त्याला ऐकू येतं, अहो त्यालाच विचारा ना. मी आता उत्तरच देत नाही, गप्प उभा राहतो. मग तो स्वतः सांगतो आणि टेबलामागच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

नियम किती कडक असतात त्याचं एक उदाहरण. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये स्पेनची एलेना कोंगोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. फिनिश लाइन अगदी समोर असताना तिच्या गाइडच्या पायात गोळा आला, तो पडणार म्हणून तिने त्याला सावरलं आणि त्या क्षणात दोरी हातातून सुटली. बाद. ब्राँझ गेलं. मदत कोणी कोणाला केली बघा.

---

आईपण

पळता_भुई, ते "यांचं नाव काय" वाचून अंगावर आलं. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, बोलायला वेळ लागतो, शब्द ओढून येतात, पण डोकं तल्लख आहे. लोक त्याच्याशी बाळाशी बोलतात तसं बोलतात. तो दहावीला आहे हो!

सविस्तर नंतर लिहिते.

---

शंकेखोर

धागा चांगला आहे पण दोन गोष्टी पटल्या नाहीत, स्पष्टच लिहितो.

एक, कौतुक केलं तर बिघडलं कुठे? एखाद्याला खरंच बघून बळ येत असेल तर त्याने ते बोलूच नये का? मग लोक घाबरून बोलायचेच बंद होतील आणि तुम्हीच म्हणाल आमच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

दोन, मी एकदा व्हीलचेअर बास्केटबॉलची मॅच बघायला गेलो होतो, मॅच संपल्यावर एक खेळाडू खुर्चीतून उठला, बॅग खांद्याला लावली आणि चालत निघून गेला. आजूबाजूच्या सगळ्यांना धक्काच बसला. मग हे पॉइंट, ही वर्गवारी, यावर विश्वास कसा ठेवायचा?

---

मैदानवाली

शंकेखोर, दुसऱ्याचं उत्तर आधी देते कारण हा गैरसमज आमच्या खेळाडूंना सगळ्यात जास्त छळतो.

व्हीलचेअर वापरणारा प्रत्येक माणूस चालूच शकत नाही असं कोणी सांगितलं? एक पाय गुडघ्याखाली नसलेला खेळाडू कृत्रिम पाय लावून चालत घरी जाणारच. पण त्या पायावर तो चाळीस मिनिटं धावून, उड्या मारून, टक्कर घेऊन बास्केटबॉल खेळू शकत नाही, म्हणून तो खुर्चीत खेळतो. त्याला पॉइंटही त्याच हिशोबाने जास्त मिळतात, आणि तो कोर्टवर असला की बाकीच्या चौघांसाठी तेवढे कमी उरतात. लपवाछपवी काहीच नाही. खुर्ची हे खेळाचं साधन आहे, आणि हो, सीटवरून बूड उचललं तर टेक्निकल फाउल आहे, म्हणजे उठता येतं म्हणून फायदा घेता येत नाही. बास्केटची उंची तीच, ३.०५ मीटर, फ्री थ्रोचं अंतर तेच.

तुम्ही बघितलेल्या त्या खेळाडूला त्या दिवशी किती जणांनी "ढोंगी" म्हटलं असेल याची मला कल्पना आहे. आमच्यातले काही जण लोक जाईपर्यंत खुर्चीतून उठतच नाहीत. विचार करा, माणसाला चालता येतं हे लपवावं लागतंय कारण बघणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र बिघडेल.

पहिल्याबद्दल: कौतुक हवंय, भरपूर हवंय. पण कशाचं ते सांगा. "तुमचा तो डावीकडचा पास कसला भारी होता" म्हणा, मी दिवसभर हवेत असेन. "तुम्ही घराबाहेर पडता हेच केवढं" याला मी काय उत्तर देऊ?

---

आकडेमोड

शंका, कीव आणि कौतुक यांची एक गंमतशीर साखळी आहे. खेळाडू मागे पडला की बिचारा. मध्ये आला की प्रेरणा. आणि खूपच पुढे गेला की लगेच, अरे याला तर फायदा मिळतोय!

मार्कुस रेहम घ्या. जर्मनीचा लांब उडीवाला, पौगंडवयात वेकबोर्डिंगच्या अपघातात एक पाय गुडघ्याखाली गेला, ब्लेड, म्हणजे खेळासाठीचा वाकडा कृत्रिम पाय, लावून उडी मारतो. २०२३ मध्ये त्याने ८.७२ मीटर मारली. टोकियो ऑलिम्पिकचं गोल्ड ८.४१ ला गेलं होतं, पॅरिसचं ८.४८ ला. २०१४ मध्ये तो जर्मनीच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोन पायांवर उडी मारणाऱ्यांना हरवून पहिला आला, तर युरोपियन चॅम्पियनशिपच्या टीममध्ये त्याला घेतलं नाही, ब्लेडचा फायदा मिळत असेल म्हणून. पुढे अभ्यास झाला त्यात निघालं की ब्लेडमुळे धाव घेताना तोटा होतो आणि उडी घेताना फायदा, दोन्हीची वजाबाकी काय येते ते ठामपणे सांगता आलं नाही. हा खरा चर्चेचा मुद्दा आहे, मला स्वतःला वाटतं त्याला वेगळ्या यादीत ठेवून का होईना पण उडी मारू द्यायला हवी होती. पण लोकांची चर्चा बघा, अभ्यास कोणी वाचत नाही, "स्प्रिंग लावलीय" म्हणून मोकळे.

उलट बाजू पण सांगतो, कारण फाजील कौतुक पण असंच डोळे झाकून असतं. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये टी-१३ गटाच्या, म्हणजे अंशतः दृष्टी असलेल्यांच्या १५०० मीटरमध्ये अल्जीरियाचा अब्देललतीफ बाका ३ मिनिटं ४८.२९ सेकंदांत जिंकला. पहिले चारही जण त्याच वर्षीच्या ऑलिम्पिक विजेत्याच्या ३:५०.०० पेक्षा जलद होते. ही बातमी जगभर फिरली, "ऑलिम्पिकवाल्यांपेक्षा पॅरावाले जलद". आता ऑलिम्पिकची ती फायनल निव्वळ डावपेचांची होती, सगळे एकमेकांवर नजर ठेवून मुद्दाम हळू पळत होते आणि शेवटच्या फेरीत सुटले. पॅराची रेस पहिल्यापासून जोरात गेली. दोन्ही रेस छान आहेत पण वेगळ्या आहेत. बाकाने रेस कशी काढली, भाऊ फुआद पण त्याच रेसमध्ये चौथा आला, यावर कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत.

---

चहाटळ_नाही

मग व्हीलचेअर मॅरेथॉन तर धावण्यापेक्षा कितीतरी लवकर संपते, ते कसं मोजायचं? चाकं आहेत तर सोपंच ना? (खरंच विचारतेय, टोमणा नाही.)

---

आकडेमोड

प्रश्न चांगला आहे. स्वित्झर्लंडच्या मार्सेल हुगने २०२१ मध्ये जपानमध्ये ओइताला १ तास १७ मिनिटं ४७ सेकंदांत पूर्ण केली. धावण्यात केल्व्हिन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोला २ तास ३५ सेकंद लावले. यांची तुलना करायचीच नाही, सायकलवाला धावणाऱ्यापेक्षा पुढे गेला तर आपण करतो का?

रेसिंगची खुर्ची तीन चाकी, लांब नाकाची, तिला गिअर नसतात. जाड ग्लोव्हज घालून चाकाच्या रिंगवर वरून खाली बुक्के मारल्यासारखं ढकलायचं, तासभर, गुडघे मुडपून छाती पुढे टेकवून. चढावर प्रत्येक ढकल्याला खुर्ची थांबायला बघते आणि उतारावर ती अशी सुटते की वळण चुकलं तर रस्त्याबाहेर.

---

आईपण

सविस्तर लिहिते म्हटलं होतं.

शाळेत पीटीच्या तासाला माझ्या मुलाचं काम काय, तर सगळ्यांच्या बाटल्या आणि चष्मे सांभाळायचे. कित्येक वर्षं. कोणी वाईट हेतूने केलं नाही, "त्याला लागेल" म्हणून काळजीपोटीच. पण मुलाला कळत होतं ना की आपण खेळणाऱ्यांतले नाही, सांभाळणाऱ्यांतले आहोत.

मग बोचा कळला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक पांढरा बॉल असतो तो आधी टाकतात, मग लाल आणि निळे बॉल, प्रत्येकाने आपले बॉल पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. वाचून सोपं वाटतं. पण समोरच्याचा बॉल ठोकून लांब घालवायचा, की आपला बॉल मध्ये आडवा ठेवून वाट बंद करायची, की पांढराच ढकलून आपल्या बॉलकडे न्यायचा, हा सगळा विचार दरवेळी. पॅरालिम्पिकमध्ये १९८४ पासून आहे, ऑलिम्पिकमध्ये हा खेळच नाही.

माझा मुलगा बीसी३ गटात खेळतो. हाताने बॉल फेकता येत नाही, म्हणून रॅम्प असतो, घसरगुंडीसारखा, आणि तो हलवायला एक सहाय्यक. सहाय्यक मीच असते. नियम असा की सहाय्यकाने कोर्टकडे पाठ करून बसायचं. मागे वळून बघायचं नाही! मला दिसतच नाही काय चाललंय. तो सांगतो, डावीकडे, अजून, थांब, जरा वर, आणि मी रॅम्प हलवते. बॉल सोडतो तो. पुढचा आवाज ऐकून मी अंदाज बांधते की लागला की हुकला.

आणि तरी लोक येऊन मला म्हणतात, "कमाल आहे हो तुमची, किती करता त्याच्यासाठी." त्याने ती मॅच काढलेली असते, मी भिंतीकडे तोंड करून बसलेली असते!

---

मैदानवाली

आईपण, हा नियम मला माहीतच नव्हता. पाठ करून बसायचं, वा! तुमच्या लेकाला माझ्याकडून विचारा, आवडता शॉट कोणता, ठोकायचा की अडवायचा?

---

आईपण

विचारलं. म्हणाला, ठोकायचा, पण समोरच्याला वाटलं पाहिजे की मी अडवणार आहे.

---

शंकेखोर

चालणाऱ्या खेळाडूबद्दलचं उत्तर पटलं, धन्यवाद. पण फसवणूक होतच नाही असं तर नाही ना? २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये स्पेनची बास्केटबॉल टीम, बौद्धिक अक्षमता गटातली, गोल्ड घेऊन गेली आणि नंतर कळलं की १२ पैकी १० जणांना तसलं काही नव्हतंच.

---

हाडांचा_हिशोब

मी फिजिओ आहे, पॅरा खेळाडूंबरोबर काम करतो. शंकेखोर म्हणतात ते खरं आहे आणि त्याची किंमत कोणी मोजली तेही सांगायला हवं. पदक परत घेतलं गेलं, पण त्याबरोबर बौद्धिक अक्षमता असलेल्या सगळ्याच खेळाडूंचा गट पॅरालिम्पिकमधून बाहेर गेला, सगळ्या देशांचा, सगळ्या खेळांचा. परत आला तो २०१२ ला लंडनमध्ये. म्हणजे लबाडी केली अक्षमता नसलेल्यांनी आणि एका अख्ख्या पिढीचं करिअर गेलं त्यांचं, ज्यांनी काहीच केलं नव्हतं. आणि त्यांच्या बाजूने फारसं कोणी बोललं नाही, कारण ब्लेडवर पळणारा जसा पोस्टरवर दिसतो तशी बौद्धिक अक्षमता पोस्टरवर दिसत नाही. अपंगत्वातही समाजाने आवडतं नावडतं करून ठेवलंय. देखणा, धडधाकट बांध्याचा, एकच पाय नसलेला खेळाडू जाहिरातीत चालतो. ज्याची मान डुलते, लाळ गळते, बोलणं कळायला वेळ लागतो, तो कितीही मोठा चॅम्पियन असला तरी कॅमेरा त्याच्यावरून पटकन पुढे जातो.

वर्गवारीबद्दल: ती परिपूर्ण नाही. स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल तपासतात, मग खेळताना पण बघतात. मतभेद होतात, खेळाडू एका गटातून दुसऱ्यात जातात आणि रडारड होते. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्येच २०२० साली आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने निकष काटेकोर लावायला सांगितले तेव्हा वर्षानुवर्षं खेळलेले काही जण पात्रतेबाहेर गेले. बॉक्सिंगमध्ये वजन काट्यावर कळतं, इथे काटा नाही.

अजून एक बोलतो, काहींना आवडणार नाही. पॅरा खेळाडू संत नसतात. मणक्याला छातीच्या वरच्या भागात इजा असलेल्यांमध्ये काही जण मुद्दाम शरीराला त्रास देऊन, उदाहरणार्थ मूत्राशय भरलेलं ठेवून, ब्लड प्रेशर वाढवतात, त्याने कामगिरी वाढते. याला बूस्टिंग म्हणतात, जीवावर बेतू शकतं आणि त्यावर बंदी आहे, स्पर्धेआधी ब्लड प्रेशर तपासतात. मी हे का सांगतोय, कारण जिंकायची इतकी भूक असलेल्या माणसाला तुम्ही "भाग घेतला हेच महत्त्वाचं" म्हणता तेव्हा त्याला काय वाटत असेल?

---

शांत_किनारा

मी बधिर आहे, बॅडमिंटन खेळते. आमचा उल्लेख कुठेच येत नाही म्हणून लिहिते. आम्ही पॅरालिम्पिकमध्ये नसतो, आमची डेफलिम्पिक्स वेगळी, १९२४ पासून, पहिली पॅरिसला झाली. म्हणजे पॅरालिम्पिकच्या कितीतरी आधी. खेळताना श्रवणयंत्र काढून ठेवायचं, सगळ्यांना सारखं. धावण्यात पिस्तूलऐवजी दिवा लागतो.

आम्हाला उलटाच त्रास. "तुम्हाला काय झालंय, हातपाय तर नीट आहेत." बॅडमिंटनमध्ये शटल रॅकेटवर कसं लागलं ते बाकीचे आवाजावरून पण ओळखतात, स्मॅश आहे की ड्रॉप. मी फक्त मनगट बघते. माझ्याशी खेळून बघा.

---

पळता_भुई

शांत_किनारा, शटलच्या आवाजाचा विचार कधी डोक्यातच आला नव्हता. दुहेरीत पार्टनरला "माझा!" कसं सांगता?

---

शांत_किनारा

सांगतच नाही. आधीच ठरलेलं असतं, मधला शटल नेहमी फोरहँडवालीचा. चुकतं कधीकधी, मग इशाऱ्यांत कडाक्याचं भांडण.

---

जुनी_वही

थोडा इतिहास, कारण हे सगळे समज कुठून आले ते त्यात दिसतं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणक्याला इजा झालेला माणूस म्हणजे गेलाच, असंच डॉक्टरही धरून चालायचे. अंथरुणात पडून जखमा आणि लघवीच्या इन्फेक्शनने लवकर जायचे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल हॉस्पिटलमध्ये डॉ. लुडविग गुटमान यांनी रुग्णांना ठरावीक तासांनी कुशीवर वळवायला लावलं, त्यांना बसवलं, खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तिथे १६ माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा झाली, स्त्रिया पण होत्या. १९६० ला रोममध्ये पहिलं पॅरालिम्पिक.

पण मान मिळायला फार वेळ लागला. १९७२ ला ऑलिम्पिक म्युनिकला, पॅरालिम्पिक मात्र हायडेलबर्गला, कारण म्युनिकच्या क्रीडाग्रामाचे फ्लॅट करायचे होते. त्याच हायडेलबर्गला आपल्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण मिळवलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला सैन्यातला बॉक्सर, पुढे जलतरणपटू झाला. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. १९८० ला मॉस्कोने पॅरालिम्पिक घ्यायला नकारच दिला, ते नेदरलँड्समध्ये आर्नेमला भरलं. १९८८ च्या सोलपासून ऑलिम्पिकच्याच मैदानांवर व्हायला लागलं.

---

पीटीचे_सर

आईपण, तुमची पोस्ट वाचून झोप आली नाही. मी शाळेत खेळ शिकवतो, म्हणून करता येण्यासारखं लिहितो.

बसून व्हॉलीबॉल. नेट खाली आणायचं, पुरुषांच्या सामन्यात १.१५ मीटरवर असतं, शाळेत दोरी बांधली तरी चालते. सगळ्या वर्गाला जमिनीवर बसवायचं. बॉलला हात लावताना बूड जमिनीला टेकलेलं पाहिजे. हातांनीच सरकायचं आणि हातांनीच बॉल मारायचा, गडबड इथेच होते. धावणारी, उड्या मारणारी पोरं पाच मिनिटांत हैराण होतात. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, पायात जोर नाही, घरात हातांवरच फिरतो. तो अख्ख्या कोर्टवर असा सरकत होता की बाकीच्यांना बॉलच मिळेना. इथे सर्व्हिस पण ब्लॉक करता येते, ते त्यानेच आधी ओळखलं. पुढच्या तासाला टीम निवडताना त्याच्यासाठी भांडणं झाली. त्या मुलावर मी वर्गात एक अक्षर भाषण दिलं नाही, गरजच पडली नाही.

---

वाचनमात्र_होते

पहिल्यांदाच लिहितेय. पॅरा तिरंदाज शीतल देवीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. तिच्यावरच्या सगळ्या बातम्यांत "हात नसलेली मुलगी" एवढंच. उजव्या पायाने धनुष्य धरते, खांद्याने दोरी ओढते, जबड्याने सोडते, हे विलक्षण आहेच, मी नाकारत नाही. पण पॅरिसला रँकिंग राउंडमध्ये तिने ७२० पैकी ७०३ मारले, आधीचा जागतिक विक्रम ६९८ चा होता, आणि त्याच राउंडमध्ये तुर्कस्तानच्या ओझनूर क्यूरने ७०४ मारून तो पण मोडला! काय थरार असेल. मग वैयक्तिक स्पर्धेत चिलीच्या मारियाना झुनिगाकडून १३७-१३८, एका गुणाने बाहेर. आणि त्यानंतर राकेश कुमारबरोबर मिश्र सांघिकमध्ये ब्राँझ. एका गुणाने हरल्यावर लगेच परत उभं राहून नेम धरायचा, त्यावर मला वाचायचं होतं. मला तिच्या बालपणावर दहा लेख मिळाले आणि त्या एका गुणावर एकही नाही.

---

मैदानवाली

वाचनमात्र_होते, लिहीत राहा, अशाच लिखाणाची मी वाट बघत होते. पीटीचे सर, तुम्हाला साष्टांग.

---

चहाटळ_नाही

मैदानवाली ताई, तुमचं ते १४ चं गणित डोक्यात फिरतंय. म्हणजे ४.५ चे तीन तगडे खेळाडू एकदम उतरवता येतील का? बेरीज १३.५ होते.

---

मैदानवाली

नाही ना, उरले अर्धा पॉइंट आणि खेळाडू दोन, कमीत कमी एक एक तरी लागतो प्रत्येकी. ४.५ चे दोन घेतले तर ९ झाले, उरले ५, त्यात तीन जण, म्हणजे २, २, १ किंवा ३, १, १. दिसायला भारी लाइनअप, पण मधल्या फळीचे कोणी नाहीत, बॉल पुढे आणायला फार वेळ जातो.

---

शंकेखोर

मग ४, ३, ३, २.५, १.५? बेरीज १४. फार उंच कोणी नाही पण सगळे पळणारे.

---

मैदानवाली

शंकेखोर, आमचे कोच हेच म्हणतात! पूर्ण कोर्ट प्रेस लावायचा असेल तर ही बेस्ट, समोरच्याला अर्ध्या कोर्टच्या पुढे येऊच द्यायचं नाही. फक्त रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल परत पकडायला, मार खाणार. समोर ४.५ वाला बास्केटखाली येऊन बसला की १.५ वाल्याने त्याला तिथे पोचायच्या आधीच अडवायला हवं, एकदा तो पोचला की संपलं.